२७० पार्क अव्हेन्यू: पाडलेल्या इमारतीच्या जागी

न्यूयॉर्कला दुसऱ्यांदा गेले तेव्हा ठरवून सुरुवात फिफ्थ अव्हेन्यूपासून केली. ४३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर ५१० नंबरची बुटकी, काचेची इमारत आहे, १९५४ सालची. बँकेची तिजोरी लोकांच्या नजरेआड ठेवायची, हा रिवाज वास्तुविशारद गॉर्डन बनशाफ्ट यांनी इथे मोडला. तिजोरीचं अजस्र गोल दार त्यांनी रस्त्यालगतच्या काचेमागे आणून ठेवलं. बँक कधीच गेली, दार आहे. आतूनबाहेरून या वास्तूला वारसा म्हणून संरक्षण मिळालंय.

तिथून चालत पार्क अव्हेन्यूवर, ४७व्या आणि ४८व्या रस्त्यांच्या मधे. बनशाफ्ट आणि नॅटली डी ब्लॉय यांनी घडवलेली ५२ मजली इमारत इथे १९६०पासून उभी होती. बांधली होती युनियन कार्बाइडसाठी. हे नाव ऐकलं की भोपाळच आठवतं. पहिल्या भेटीत मी त्यापायीच फार रेंगाळले नव्हते. खरं तर भोपाळच्या आधीच कंपनीने ती विकली होती, आणि घेणारी बँक म्हणजे ५१० नंबरवाल्या बँकेचाच पुढचा अवतार! पुढे विलीनीकरणं होत होत ती जेपी मॉर्गन चेसचं मुख्यालय झाली.

काळ्या पोलादी पत्र्यावर स्टेनलेस स्टीलच्या उभ्या पट्ट्या, एवढाच तिचा साज. खाली ग्रँड सेंट्रल रेल्वे स्थानकाचे रूळ असल्याने लिफ्टचे खड्डे खणायला जागाच नव्हती. म्हणून सरकत्या जिन्याने एक मजला चढायचं आणि तिथून लिफ्ट धरायची. अडचणीतून काढलेली अशी वाट मला फार आवडते.

२०११च्या सुमारास खर्च करून तिचं नूतनीकरण झालं, पर्यावरणपूरक म्हणून सर्वोच्च मानांकनही मिळालं. आणि २०१९मध्ये पाडायला घेतली. २१५ मीटर उंचीची धडधाकट इमारत! मालकाने स्वतःहून पाडलेली एवढी उंच इमारत तोवर जगात दुसरी नव्हती. २०१७च्या नव्या नियमांनी या भागात वारसावास्तूंचं न वापरलेलं चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचा शिल्लक हक्क, विकत घेऊन जास्त उंच बांधायची मुभा मिळाली होती. त्यातलं बरंचसं आलं ग्रँड सेंट्रलकडून. एक वास्तू राखण्यासाठी केलेली तरतूद दुसरीच्या मुळावर आली, याचा मला मनापासून राग येतो. नॅटली डी ब्लॉय यांना हयातीत पुरेसं श्रेय मिळालं नाही, आणि त्यांचं हे मोठं काम आता फोटोंतच उरलंय.

नवा मनोरा जुन्याच्या जवळजवळ दुप्पट उंच आहे. मान दुखेपर्यंत वर पाहिलं. मग फोनमधला पहिल्या भेटीचा फोटो काढला: काळा पत्रा, चार चमकत्या पट्ट्या आणि वरचं टोक कापलेलं.