ल रॅन्सीचे काँक्रीटचे चर्च: बेळगावहून जाणाऱ्यांसाठी

बाबांची हयात शहापुरात सेंटरिंगच्या कामात गेली, मीही बांधकामाचेच ठेके घेतो. लेक पॅरिसला शिकायला गेली, तेव्हाच तिला सांगून ठेवले होते की तिकडे आलो तर आधी पॅरिसच्या उपनगरातले, ल रॅन्सीचे नोत्र-दाम चर्च पाहायचे.

पॅरिसमधल्या माजेंता (Magenta) स्टेशनवरून आरईआर या उपनगरी रेल्वेची 'ई' लाइन धरा. ही लाइन पुढे फुटते, म्हणून शेल-गुर्नेकडची गाडी घ्या, तुर्नांची नको. ल रॅन्सी-विलमोंब्ल-मोंफेर्मेयला उतरून चर्चपर्यंत पायीच जाता येते. रविवारी सकाळी प्रार्थना असते, ती वेळ टाळा. दिवस मात्र उन्हाचाच निवडा.

ओग्युस्त आणि ग्युस्ताव या वास्तुकार पेरे बंधूंनी 1922-23 मध्ये, वर्ष-सव्वा वर्षात, ते उभे केले. पहिल्या महायुद्धातल्या, 1914 च्या उर्कच्या लढाईत पडलेल्या सैनिकांचे ते स्मारक. पैसा कमी, म्हणून दगडाऐवजी काँक्रीट. आत शिरल्यावर मी काही वेळ बोललोच नाही. खांब 11 मीटर उंच, जाडी बुंध्याशी 43 सेंटिमीटर आणि वर 35. डोक्यावरची छताची कमान जेमतेम 5 सेंटिमीटर जाड. आपण घराचा स्लॅब पाच इंची घालतो! कॅम्पातल्या सेंट मेरीजच्या दगडी भिंती वजन पेलतात, इथल्या भिंती छताचे वजन घेतच नाहीत. त्या आधी ओतून घेतलेल्या काँक्रीटच्या जाळ्या आहेत, मध्ये चित्रकार मोरिस देनीच्या चित्रांच्या रंगीत काचा. खांबाला हात लावून पाहा. साच्याच्या पट्ट्यांच्या उभ्या रेघा तळव्याला लागतात. गिलावा कुठेच नाही.

आणि दुखणे तिथेच आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड सळईवरच्या काँक्रीटच्या थरात, म्हणजे कव्हरमध्ये, मुरत जातो, सळईचे संरक्षण संपते, पाऊस लागला की ती गंजून फुगते आणि वरचा थर फोडते. आपल्या चार महिन्यांच्या पावसात बाल्कनीच्या कडा अशाच फुटतात. आपण वर सिमेंट थापून मोकळे होतो, पण उघड्या काँक्रीटवर थिगळ लगेच दिसते. 1966 पासून ही वास्तू संरक्षित आहे, त्यामुळे दुरुस्तीचा रंग आणि पोतही मूळ कामाशी जुळवावा लागतो. बाहेर आल्यावर मनोऱ्याखाली उभे राहून कडा नीट बघा, घाई करू नका.

बाबांना फोटो दाखवले. त्यांनी कमान मोठी करून पाहिली आणि एवढेच विचारले, "कव्हर किती दिलंय रे?" पुढच्या आठवड्यात अनगोळच्या साइटवर स्लॅब ओतायच्या आधी सळयांखालचे कव्हर ब्लॉक मी स्वतः वाकून तपासले.