दुखणं थांबलं, अक्कलदाढ तिथेच आहे

खालची अक्कलदाढ ठणकायला लागली की घरोघरी साधारण एकच क्रम चालतो. पहिल्या रात्री लवंग. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून एक अँटिबायोटिक आणि एक पेनकिलर, तीही ‘मागच्या वेळी दिली होती तीच द्या’ असं सांगून. चौथ्या दिवशी तोंड उघडतं, रविवारी मिसळ खाता येते आणि विषय संपतो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच बाजू, तीच सूज, तीच स्ट्रिप.

असं का होतं ते दाढेच्या जवळ जाऊन पाहिलं की कळतं. अर्धवट निघालेल्या दाढेचा मागचा भाग हिरडीच्या एका पदराने झाकलेला असतो. पदर आणि दाढ यांच्यामध्ये खिसा तयार होतो. ब्रश तिथे पोचत नाही, चूळ भरली तरी पाणी आत जात नाही, पण शेवेचा चुरा बरोबर जाऊन बसतो. जंतू वाढतात, पदर सुजतो. सुजलेला पदर वर उचलला जातो आणि वरची दाढ प्रत्येक घासाला त्याच्यावर आपटते, म्हणून तो आणखी सुजतो. याला पेरिकोरोनायटिस म्हणतात. गोळीने जंतू कमी होतात, खिसा मिटत नाही.

म्हणून पहिला उपचार गोळीचा नाही, धुण्याचा आहे. बोथट सुईच्या सिरिंजने सलाइन किंवा क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक पदराखाली सोडून आतली घाण बाहेर काढतात. वरची दाढ पदराला चावत असेल तर तिची टोकं घासतात, ती बिनकामाची असेल तर तीच काढून टाकतात. ताप आला, गालावर सूज पसरली किंवा तोंड उघडेनासं झालं, तर मग अँटिबायोटिकला अर्थ आहे. मात्र जिभेखालचा भाग कडक होऊन वर आला, गिळता येईना, लाळ गळू लागली किंवा श्वास जड झाला, तर दातांच्या दवाखान्याची वेळ घेत बसू नका. संसर्ग जबड्याखालून गळ्याकडे उतरला की श्वासाची वाट दाबली जाते. अशा वेळी रात्री दोन वाजले असले तरी थेट मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठायची.

आता ‘अडकलेली’ म्हणजे काय. अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. तोवर जबड्यातली जागा बाकीच्या दातांनी घेतलेली असते. खालच्या जबड्यात दुसऱ्या दाढेच्या मागे हाड लगेच वर चढतं, त्यामुळे शेवटी येणारीला ऐसपैस जागा मिळेलच असं नाही. पुढची दाढ, हाड किंवा जाड हिरडी आड आली आणि दाढ वाटेतच थांबली, की ती अडकलेली. एक्स-रेच्या रिपोर्टवर ३८ लिहिलं असेल तर डावी खालची, ४८ असेल तर उजवी खालची. शेजारी ‘मेसिओअँग्युलर’ असा शब्द दिसला तर दाढ पुढे झुकलेली आहे. खालच्या अडकलेल्या दाढांत हा प्रकार सर्वात जास्त दिसतो. काही पूर्ण आडव्या असतात, काही उभ्याच अडकतात. मागे झुकलेली ‘डिस्टोअँग्युलर’ दाढ एक्स-रेवर साधी वाटते, पण खालच्या जबड्यात काढायला तीच बहुधा सर्वात अवघड, कारण तिची निघायची वाट मागच्या हाडातच जाते.

पुढे झुकलेल्या दाढेचा खरा धोका तिला स्वतःला नसतो. ती दुसऱ्या दाढेच्या पाठीला टेकते आणि दोघींच्या फटीत अन्न कुजतं. दुसऱ्या दाढेच्या मागच्या बाजूला, हिरडीच्या खाली कीड लागते. आरशात ती दिसत नाही, बराच काळ दुखतही नाही. दुखायला लागते तेव्हा रूट कॅनाल करायची वेळ आलेली असते, कधी कधी दोन्ही दाढा काढाव्या लागतात. अक्कलदाढेसाठी चांगली चावणारी दाढ घालवणं हा वाईट सौदा आहे. वारंवार सूज येण्याइतकंच हेही दाढ काढण्याचं भक्कम कारण आहे. दाढेभोवती सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ होणं किंवा पुढच्या दाढेमागचं हाड झिजणं, ही आणखी दोन.

पण म्हणून प्रत्येक अडकलेली दाढ काढायची असं नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २००० सालीच सांगितलं की कुठलाही आजार नसलेली अडकलेली अक्कलदाढ ‘पुढे त्रास होईल’ म्हणून काढू नये. यावर सगळीकडे एकमत नाही. माझं मत असं: हाडात पूर्ण गाडलेली, तोंडाशी संबंध नसलेली आणि पन्नाशीच्या माणसात योगायोगाने सापडलेली दाढ असेल, तर तिला झोपू द्यावं, अधूनमधून एक्स-रे काढून नजर ठेवावी. अर्धी वर, अर्धी खाली आणि पुढच्या दाढेला खेटून बसलेली असेल, तर पंचविशीच्या आत निर्णय घ्यावा. त्या वयात मुळं पुरती लांब झालेली नसतात, हाड लवचिक असतं आणि जखम लवकर भरते. पस्तिशीनंतर हेच काम जड जातं. ‘अक्कलदाढेमुळे पुढचे दात वाकडे होतात’ या एकाच कारणाने काढायला सांगितलं, तर दुसरं मत घ्या. त्याला ठोस पुरावा नाही. वरची दाढ काढली की नजर जाते, ही भीती अजूनही ऐकू येते. दाताला संवेदना देणारी नस आणि पाहण्याची नस पूर्ण वेगळ्या आहेत.

काढायचं ठरलं की ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एका फिल्मवर दाखवणारा एक्स-रे. त्यात कोन दिसतो, मुळं किती आणि कशी वळलेली ते दिसतं, पण सर्वात महत्त्वाचं म्हणजे नसेची वाट दिसते. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते. खालचा ओठ आणि हनुवटी यांना स्पर्श कळवणारी नस त्या नळीत असते. नळी मुळांवरून जाताना मुळावर काळपट पट्टा दिसला, नळीची पांढरी रेघ तुटली किंवा नळी वाकलेली दिसली, तर नस मुळाला चिकटून असण्याची शक्यता वाढते. अशा वेळी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करून घ्यावा. नस फारच जवळ असेल तर दाढेचा वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं हाडात तशीच ठेवायची, असाही पर्याय आहे. त्याला कोरोनेक्टमी म्हणतात. दाढ किडलेली किंवा हलणारी असेल तर तो चालत नाही.

नसेला इजा झाली तर ओठ बधिर राहतो, वाकडा होत नाही. लकवा मारेल या भीतीने पुष्कळ लोक शस्त्रक्रिया टाळतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. ही नस स्पर्शाची आहे, ओठ हलवणारी नाही. अशी बधिरता आली तर बहुतेकांची काही आठवड्यांत ते महिन्यांत जाते. कायमची राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी असतं. जिभेची नसही आतल्या बाजूने जवळून जाते, तिला धक्का लागला तर जिभेची एक बाजू बधिर होते आणि चव बदलते.

शस्त्रक्रियेआधी काही गोष्टी लपवू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. हार्टच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायचं आहे. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन किंवा अॅलेन्ड्रोनेटची गोळी घेतली असेल तर जरूर सांगा, त्यात जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. शुगर ताब्यात हवी. गुटखा-सुपारी खाऊन ज्यांचं तोंड आधीच कमी उघडतं त्यांनी पहिल्याच भेटीत ते दाखवावं. तोंडात उभी तीन बोटं जात नसतील तर मागे हत्यार पोचणंच अवघड होतं. आणि लोकल भूल असेल तर उपाशी येऊ नका. श्रावणी सोमवार किंवा एकादशी गाठून लोक रिकाम्या पोटी खुर्चीत बसतात आणि इंजेक्शननंतर घाम फुटून चक्कर येते. दोन तास आधी नीट जेवून, नेहमीच्या गोळ्या घेऊन या.

भुलेसाठी बहुधा २ टक्के लिग्नोकेन आणि सोबत अॅड्रिनॅलिन वापरतात. दीड ते दोन मिली औषध जबड्याच्या मागच्या भागात नसेजवळ, अर्धा मिलीच्या आसपास गालाच्या बाजूने. अॅड्रिनॅलिनमुळे क्षणभर छातीत धडधडू शकतं. पाच-दहा मिनिटांनी ‘ओठ जड झाला का?’ असं विचारतात ते उगाच नाही. ओठ अर्धा, मधल्या रेषेपर्यंत जड झाला तरच नस बधिर झाली. तोवर होकार देऊ नका. पू आणि सूज असलेल्या जागी आम्ल वाढलेलं असतं आणि भूल नीट लागत नाही, हेही एक कारण आहे की तीव्र सुजेत आधी धुऊन सूज उतरवतात.

पुढचं काम साधारण २० मिनिटांपासून तासाभरापर्यंत. दाढेमागून आणि बाजूने चीर देऊन हिरडी पुस्तकाच्या पानासारखी बाजूला करतात. मग दाढेभोवतीचं थोडं हाड बरने, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकाने कोरून एक चर पाडतात, आणि त्यावर सलाइनची धार सतत सोडतात. ही धार महत्त्वाची आहे. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी त्यातल्या पेशी मरतात आणि जखम भरायला वेळ लागतो. आडवी दाढ अख्खी ओढून काढत नाहीत. तिचे दोन-तीन तुकडे करतात. बरने खाच पाडून एलिव्हेटर, म्हणजे दाढ उचकटायचं चपटं हत्यार फिरवलं की ‘कट्’ असा आवाज थेट कानात येतो. जबडा मोडल्यासारखा वाटतो, पण तुटलेली असते ती दाढ. दाब आणि ढकलणं जाणवणार, त्यावर भूल चालत नाही. टोचल्यासारखं किंवा विजेसारखं दुखलं तर हात वर करा, आणखी भूल देता येते. शेवटी दाढेभोवतीची पिशवी खरवडून काढतात, हाडाच्या कडा गुळगुळीत करतात, पोकळी धुऊन दोन-तीन टाके घालतात. काळ्या रेशमाचे टाके सातव्या दिवशी काढावे लागतात. पेठ-सुरगाण्यासारख्या लांबच्या गावांहून येणाऱ्यांनी विरघळणारे टाके मागून घ्यावेत, एक फेरी वाचते. खर्चाची अडचण असेल तर नाशिकच्या पंचवटीतल्या कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालयासारख्या ठिकाणी मुखशल्यचिकित्सा विभाग असतो. खासगी दवाखान्यापेक्षा तिथे वेळ जास्त द्यावा लागतो, इतकंच.

घरी गेल्यावर पहिले २४ तास एकच गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे खड्ड्यातली रक्ताची गुठळी. कापूस किंवा गॉज पाऊण ते एक तास घट्ट चावून धरायचा आणि दर पाच मिनिटांनी काढून बघायचा नाही. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. लाळ गुलाबी दिसली तर गिळून टाका. भूल उतरायच्या आत पेनकिलरचा पहिला डोस घ्या. गालाला बाहेरून बर्फ, १० ते १५ मिनिटं लावायचा, तितकाच वेळ थांबायचं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत ‘सर्दी होईल’ म्हणून बर्फ टाळतात आणि पहिल्याच दिवशी गरम पाण्याचा शेक देतात. त्याने सूज वाढते. शेक दुसऱ्या दिवसानंतर. तेव्हाच कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू करायच्या: पेलाभर पाण्याला अर्धा चमचा मीठ, पाणी तोंडात जोरात खळखळवायचं नाही, मान कलती करून फिरवायचं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते, तिथून उतरते. तोंड कमी उघडणं आठवडाभर चालतं. मऊ वरण-भात, पेज, ताक, गार खीर. साबुदाण्याची खिचडी मऊ असते म्हणून खातात, पण तिच्यातला शेंगदाण्याचा कूट थेट खड्ड्यात जातो. चिवड्याला तर पंधरा दिवस हातही लावू नका. ज्यांचं पुष्कळ हाड कोरावं लागलं आहे त्यांनी कडक चावणं महिनाभर टाळावं. कमजोर झालेला जबडा क्वचित नंतर घरी जेवतानाही मोडतो.

तिसऱ्या दिवसापर्यंत बरं वाटत होतं आणि मग अचानक कानापर्यंत कळ जायला लागली, तोंडाला वास येतोय, तर तो बहुधा ड्राय सॉकेट. गुठळी निघून गेली आणि हाड उघडं पडलं. तंबाखू आणि सिगारेटवाल्यांना हे जास्त होतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनाही. यावर पुन्हा अँटिबायोटिक गिळण्यात अर्थ नाही. खड्डा धुऊन युजेनॉलची, म्हणजे लवंगेच्या अर्काची औषधी पट्टी ठेवली की तासाभरात फरक पडतो, दोन-तीन दिवसांनी पट्टी बदलतात. याउलट ताप येऊन सूज चौथ्या दिवसानंतर वाढत असेल, तर तो संसर्ग आहे आणि त्याच दिवशी दाखवायला हवं.

वरची दाढ काढली असेल तर आणखी एक पथ्य. तिच्या मुळांच्या वर सायनस, म्हणजे नाकाला जोडलेली हवेची पोकळी असते, मधला हाडाचा पडदा कधी कधी कागदासारखा पातळ असतो. दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. पाणी पिताना नाकातून आलं तर लगेच कळवा.

टाके निघाल्यानंतर खालचा खड्डा महिनाभर उघडा दिसतो आणि त्यात भाताचं शीत अडकतं. टोकाला वाकलेली प्लॅस्टिकची सिरिंज मागून घ्या. आठवड्यानंतर प्रत्येक जेवणानंतर कोमट मिठाच्या पाण्याने हळू दाबून तो धुवायचा. पहिल्या काही दिवसांत बाहेर येणारं पाणी किती गढूळ असतं ते एकदा बेसिनमध्ये पाहिलंत, की सिरिंज विसरणार नाही.