नंदवाळच्या वाटेवर लेकीचा प्रश्न

ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही अशा कितीतरी कोल्हापूरकरांची आषाढी नंदवाळला होते. करवीर तालुक्यातलं हे गाव, आम्ही त्याला प्रतिपंढरपूर म्हणतो. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरातून पालखी निघते आणि शहर ओलांडून पुईखडीकडं वळते. यंदा लेकीला पहिल्यांदाच सगळी वाट चालवत नेलं.

शहर संपेपर्यंत ती नुसती हुंदडत होती. कुणी हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवत होतं, कुणी केळं. साने गुरुजी वसाहत मागं पडल्यावर मात्र तिनं माझा हात धरला. "मम्मी, देव कुणाचं ऐकतो?"

प्रश्न कुठून आला ते मला लगेच कळलं. 2021 ची आषाढी 20 जुलैला होती. त्या दिवशी तिनं देवघरापुढं हात जोडून सांगितलं होतं, मामाच्या घरात पाणी येऊ देऊ नको. मामा पंचगंगेकाठच्या आंबेवाडीचा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. चार दिवसांत पाणी 50 च्याही पुढं गेलं आणि मामाच्या घरात शिरलं. त्यानंतर कितीतरी रात्री झोपताना ती म्हणायची, "मीच नीट मागितलं नाही."

एवढ्याशा पोरीनं महापुराचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घ्यावं, हे मला अजून सोसत नाही. मनापासून मागितलं की देव देतोच, असं लेकरांना सांगू नये, हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत. पास झाल्यावर 'बघ, देवानं ऐकलं' असंही म्हणू नये. नापास झालेलं पोरही त्याच देवाला नमस्कार करून गेलेलं असतं.

तरी तोंडून निघालंच, "मामा, मामी, म्हशी, सगळी वाचली की गं."

"मग ज्यांची म्हैस गेली त्यांचं?"

पुढं टाळ चालू होते. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही, बाळा. पण त्याच्याशी बोलायचं थांबवायचं नाही. राग आला तर रागसुद्धा सांगायचा." जनाबाई त्याच्याशी भांडली, त्याला शिव्या दिल्या, आणि नाम काही सोडलं नाही. हे सांगितल्यावर लेक खुलली. देवाला शिव्या चालतात हे तिला नवीन होतं.

मग नामदेवाची गोष्ट सांगितली. घरून नैवेद्य घेऊन धाडलेला छोटा नाम्या, आणि देव जेवत नाही म्हणून रडकुंडीला आलेला. ही गोष्ट सांगताना आपण सगळे देव जेवला यावर भर देतो. मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की नाम्यानं स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. देव उपाशी राहू नये, एवढंच त्याला हवं होतं. लेक बराच वेळ काही बोलली नाही.

पुईखडीला रिंगण झालं. अश्व धावला तशी माणसं त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावली, लेकीनंही लावली. फुगड्या घातल्या. पुढं वाशीच्या बाजूला शेतांत रोप लावण चालली होती. चिखलात वाकलेल्या बायकांनी उभं राहून पालखीला हात जोडले. त्यांना पाऊस हवा होता आणि आंबेवाडीला बेतानं हवा होता. लेकीला ते दाखवायची गरजच पडली नाही. ती म्हणाली, "ह्यांचं पण खरंय."

नंदवाळला दर्शनाची रांग लांबच लांब होती. आत गेल्यावर विठ्ठलापुढं तिचे ओठ हलले. बाहेर आल्यावर मी काही विचारलं नाही, तिनंच सांगितलं, "फराळ केलास का, विचारलं. आणि त्या म्हशीवाल्यांचं बघ म्हटलं."

केएमटीच्या बसमधल्या गर्दीत उभ्या असताना तिनं माझा मोबाइल मागून घेतला आणि मामाला फोन लावला. "मामा, पाणी कितीवर आलंय?"