अँप्युला म्हणजे गाठ नव्हे

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये 'अँप्युला' दिसलं की लोक उगाच घाबरतात, म्हणून आज लिहितेय. मी इंदूरला एका सेंटरवर रिपोर्ट टाईप करते. परवाच रामबागेतल्या एक काकू कागद घेऊन काउंटरवर आल्या, पेनाने त्या शब्दाखाली दोनदा रेघ मारलेली, "बेटा, ही कुठली गाठ निघाली गं?" तिथे एवढंच लिहिलं होतं की पोटातल्या गॅसमुळे अँप्युला नीट दिसला नाही.

काकू, ती जागा आपल्या सगळ्यांनाच जन्मापासून असते. शरीरातल्या नळ्या काही सगळीकडे सारख्या जाडीच्या नसतात, मध्येच कुठेतरी रुंद होतात, आणि जिथे रुंद होतात तिथे बहुतेक काहीतरी महत्त्वाचं चाललेलं असतं. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांमध्ये एकत्र येऊन लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उघडतात, त्या तोंडाशी हा छोटासा फुगवटा, तोच रिपोर्टमधला अँप्युला. अब्राहम व्हाटर या जर्मन डॉक्टरने १७२० मध्ये त्याचं वर्णन केलं. खडा नेमका तिथे अडकला तर पित्त मागे तुंबतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, आणि दार दोघांचं एकच असल्यामुळे कधीकधी स्वादुपिंडालाही सूज येते. मग ईआरसीपी करून तोंडातून दुर्बीण घालून खडा काढतात.

'सीबीडी डायलेटेड' लिहिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे सीबीडी, म्हणजे पित्ताची मुख्य नळी, नेहमीपेक्षा रुंद झालेली असते (साधारण ६-७ मिमीपर्यंत नॉर्मल धरतात, वयाने किंवा पित्ताशय काढल्यावर थोडी वाढतेही), ते डॉक्टरांना दाखवायचंच.

कानातही अँप्युला आहेत, एका कानात तीन. अर्धगोल नळ्यांच्या टोकाशी. आपण मान वळवली की आतलं पाणी क्षणभर मागे राहतं, तिथला जेलीसारखा पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं की डोकं फिरलं. बायकांच्या गर्भनलिकेतही रुंद भागाला अँप्युलाच म्हणतात, बीज बहुतेक तिथेच फळतं, आणि गर्भ नळीतच राहिला तर तोही बहुतेक वेळा तिथेच, म्हणून पाळी चुकल्यावर एका बाजूला जोरात दुखलं तर थांबू नका.

मानेतल्या कॅरॉटिड धमनीलाही असा फुगवटा आहे, त्याला सायनस म्हणतात, नाकाच्या सायनसशी त्याचा संबंध नाही. तिथल्या नसा बीपी मोजत असतात, म्हणून काही वयस्कर लोकांना घट्ट कॉलरने किंवा दाढी करताना तिथे दाब पडून चक्कर येते. घरच्या आजोबांना असं होत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.