वीस बाइटांची फाइल

सकाळी साडेअकराच्या सुमारास आमच्या गटातली एक कनिष्ठ सहकारी टेबलाशी येऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, मी चुकीच्या टर्मिनलमध्ये ट्रंकेट चालवलं." ट्रंकेट म्हणजे डेटाबेसमधले एखादे टेबल, नोंदींचा अख्खा तक्ता, रिकामे करणारी कमांड. चाचणीचा आणि प्रत्यक्ष वापरातला असे दोन सर्व्हर तिने एकाच रंगाच्या दोन टर्मिनलांत, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडक्यांत, उघडून ठेवले होते आणि चाचणीत रिकामे करायचे अर्जांचे टेबल प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर रिकामे झाले होते. मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे आमच्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये, ट्रंकेट परत फिरवता येत नाही. तरीही मी निश्चिंत होतो, कारण रोज रात्री दोन वाजता बॅकअप घेणारी स्क्रिप्ट मी स्वतः लिहिलेली होती.

बॅकअपच्या डिरेक्टरीत फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड चालवली आणि तो निश्चिंतपणा संपला. आदल्या रात्रीची फाइल होती, पण तिचा आकार होता 20 बाइट. त्याच्या आदल्या रात्रीचीही तेवढीच, आणि अशा ओळीने चोवीस फाइली. काहीच आत न येता जीझिपने, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामने, तयार केलेली फाइल वीस बाइटांचीच होते. स्क्रिप्टमध्ये डेटाबेसची प्रत, म्हणजे डंप, काढणाऱ्या मायएसक्यूएलडंपचे आउटपुट पाइपने थेट जीझिपकडे दिलेले होते. चोवीस रात्रींपूर्वी डेटाबेसचा पासवर्ड बदलला गेला, तेव्हापासून डंप दारातूनच परत येत होता. परंतु पाइपलाइनचा निकाल शेवटच्या कमांडवरून ठरत असल्यामुळे, आणि जीझिपने आपले काम चोख केलेले असल्यामुळे, स्क्रिप्ट दररोज "यशस्वी" अशी नोंद करीत होती. मी तपासणी म्हणून ठेवलेली जीझिप-टीदेखील या फाइलींना बिनचूक ठरवत होती, कारण जीझिप म्हणून त्या खरोखरच बिनचूक होत्या. डंपचा एरर संदेश मीच कधीतरी डेव्ह-नलकडे, म्हणजे सगळे गिळून टाकणाऱ्या कचरापेटीकडे, वळवून ठेवला होता, ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या क्रॉनचे मेल नकोसे झाले म्हणून.

तीस दिवसांहून जुन्या फाइली पुसणारी ओळही त्याच स्क्रिप्टमध्ये होती. आणखी आठवडाभर हे कोणाच्या लक्षात आले नसते, तर शेवटची धड प्रतही तिने इमानेइतबारे पुसली असती. सर्वप्रथम मी ती ओळ बंद केली आणि मग ॲप्लिकेशन थांबवले.

आशा उरली ती बायनरी लॉगची, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदवहीची. मायएसक्यूएल 8.0 मध्ये तो मुळातच सुरू असतो आणि 25,92,000 सेकंद, म्हणजे तीस दिवस राखला जातो. चोवीस दिवसांपूर्वीचा डंप आणि त्यानंतरचे सर्व लॉग हाती होते. लॉगच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या आणि डंप एका वेगळ्या सर्व्हरवर चढवला, कारण मायएसक्यूएलडंपची फाइल सहसा जुने टेबल आधी पाडते आणि मग नवे बांधते. असली फाइल घाईत मूळ सर्व्हरवर चालवणे म्हणजे पहिल्या चुकीवर दुसरी चढवणे. डंप कोणत्या लॉगमधल्या कोणत्या पोझिशनला घेतला होता, हे त्याच्या सुरुवातीच्या कॉमेंटमध्ये होतेच. तिथपासून ट्रंकेटच्या अगदी आधीच्या पोझिशनपर्यंतचे सर्व लॉग एकाच मायएसक्यूएलबिनलॉग कमांडला देऊन पुन्हा चालवले. या कामाला साडेचार तास लागले आणि त्या वेळात माझ्या सहकारी मुलीने एकदाही खुर्ची सोडली नाही. दोष तिचा एका कमांडपुरता होता, माझा चोवीस रात्रींचा. हे मी तिला सांगितले, पण तिला ते पटल्याचे दिसले नाही.

टेबल परत आले, पण काम तिथे संपले नाही. ट्रंकेटने ऑटो-इन्क्रिमेंटचा, म्हणजे नव्या नोंदीला आपोआप मिळणाऱ्या क्रमांकाचा, आकडा पुन्हा एकवर आणला होता आणि ॲप्लिकेशन थांबेपर्यंतच्या वीस मिनिटांत सतरा नवे अर्ज 1 ते 17 या क्रमांकांनी दाखल झाले होते. ते क्रमांक जुन्या अर्जांचे होते. मी नव्या नोंदी बाजूला काढल्या, जुन्या जागच्या जागी भरल्या आणि नव्यांना शेवटचे क्रमांक हाताने दिले. स्क्रिप्टमध्ये त्याच रात्री पाइपलाइनमधली कोणतीही कमांड फसली तरी अपयश कळवणारा पाइपफेल आला, डेव्ह-नल गेला, आणि डंपच्या शेवटी "पूर्ण झाला" अशी ओळ आहे की नाही याची तपासणी जोडली.

आठ दिवसांनी एक अर्जदार पोचपावती घेऊन आले. तिच्यावर अर्ज क्रमांक 4 छापलेला होता.