भाड्याची वीणा

आमचा धंदा ड्रेपरीचा. छत्रपती संभाजीनगरात नाटकाचे, गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देतो. गेल्या हिवाळ्यात एका विनोदी मालिकेची ऑर्डर आली. शूटिंग पैठणजवळच्या एका खेड्यात. यादी वाचून मी कपाळाला हात लावला: भगवी कफनी, रुद्राक्षाच्या माळा, छातीपर्यंत दाढी, हातात वीणा, मागं टाळकरी.

फोन लावला. "साहेब, टाळकरी आहेत म्हणजे कीर्तनकारच ना? मग पांढरं धोतर, सदरा, फेटा, उपरणं द्यावं लागंल. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन-बुक्का. हे तुमचं सोंग कुठल्याच मठात बसायचं नाही."

मॅनेजर हसला. "बसू नये म्हणूनच तर आहे!"

कारण त्यानंच सांगितलं. धर्मावर हल्ला किंवा धार्मिक समूहाची हेटाळणी दाखवायची नाही, असं १९९४च्या केबल नियमांत आहे. म्हणून कुणाचाच वाटणार नाही असा बाबा उभा करायचा. मालिकांतले सगळे बाबा एकाच ताग्यातून फाडल्यासारखे का दिसतात, ते मला इतकी वर्षं धंद्यात घालवून तेव्हा कळलं. आणि हे कुठं, तर पैठणला! नाथांनी सोळाव्या शतकात वासुदेव, जोशी, गोंधळी असे नावानिशी भारुडात आणले, त्या गावाच्या वेशीवर.

शूटिंगला सगळं गाव लोटलं. बाबा कीर्तनाआधी बिदागीचं पाकीट चाचपतो, मग उघडून नोटा मोजतो. लोक खो खो हसले. माळकरी जरा जास्तच. पाकिटाचा हिशोब त्यांना पाठ असतो.

पुढच्या टेकला नटाच्या दाढीला खाज सुटली. गोंद माझाच, नाकारत नाही. त्यानं वीणा सरळ जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी खाजवायला लागला. दिग्दर्शक खूश, "हे राहू द्या!" पण समोर कुणी हसलंच नाही. बायकांनी पदर तोंडाला लावले.

गर्दीतून एक म्हातारबा आले. वीणा उचलली, कपाळाला लावली, छातीशी धरली.

"खाली टेकवत नसतेत, माऊली."

सप्ताहात ती सात दिवस, रात्रंदिवस कुणाच्या तरी गळ्यात असते. पहारा बदलला की देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात.

दिग्दर्शक वैतागला. "अहो आबा, मग यात विनोद कुठंय?"

"लई हाय की! पहाटं तीनचा पहारा माझा. उभ्या उभ्या डोळा लागला. पखवाजवाल्यानं हलवलं, तर मी म्हन्लं, कंडक्टर, गेवराई आली का?"

युनिट हसून लोळलं. कॅमेरामनला तर ठसका लागला. दिग्दर्शकानं हळूच मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजरनं मान हलवली, "सप्ताह दाखवला की पंथ आला."

सीन रिकाम्या हातानं उरकला. वीणा मागायचा धीर कुणाला झाला नाही. आबा ती घेऊन पॅकअपपर्यंत कडेला उभेच.

सामान मोजताना मी हात पुढं केला. त्यांनी लगेच दिली नाही. आधी वाकून माझ्या पायाला हात लावला. मग मलाही वाकावं लागलं. दुकानाची वीणा होती, तिची एक तार कधीचीच तुटलेली.