रानडुकरांसाठी रायफल: .315 वर मी कसा आलो

मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला आमची जमीन आहे. निम्म्यात ऊस, बाकीच्यात मका, भुईमूग आणि थोडी ज्वारी. दिवसा रानडुकरं उसात दडून बसतात आणि रात्री मक्यात शिरतात. खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. भुईमुगाच्या तर सऱ्याच्या सऱ्या उकरून टाकतात. फटाके, साड्यांचं कुंपण, डबडी वाजवणं, सगळं करून झालं. चार दिवस बिचकतात आणि परत येतात.

आधी कायद्याचं सांगतो, कारण इथेच लोक फसतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे. पण त्याच कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी देता येते, आणि ती वनखात्याकडून लेखी घ्यावी लागते. सातबारा जोडून अर्ज करा, पिकाचा पंचनामा करून घ्या, कागद हातात आल्यावरच बंदुकीला हात लावा. मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं असतं, म्हणून लगेच वनरक्षकाला कळवायचं. काळवीट, चिंकारा, लांडगा हे अनुसूची एकमधले, म्हणजे कायद्याने सर्वांत जास्त संरक्षण दिलेले प्राणी, त्यांच्याकडे नळी वळवायचीही नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय हत्यार घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे.

घरात अण्णांची जुनी दुनळी होती, 12 बोअर. पूर्वी तिने काम भागायचं. पण एलजीचे, म्हणजे जाड, छर्रे तीस-पस्तीस मीटरच्या पुढे फाकतात. आमच्या शेजारच्या वस्तीवर एकाने लांबून बार टाकला, डुक्कर जखमी होऊन उसात घुसलं आणि पाणी द्यायला गेलेल्या गड्याच्या अंगावर आलं. त्याच्या मांडीला टाके पडले. जखमी जनावर उसात सोडणं हे माणसाला धोक्याचं आणि जनावराचे हाल करणारं. म्हणून एकाच गोळीत जागेवर पाडेल अशी हलकी रायफल घ्यायचं मी ठरवलं. हलकी एवढ्यासाठी की ती खांद्यावर टाकून चिखलातून बांधाबांधाने चालायचं असतं.

परवान्याचं फार लांबण लावत नाही. मी रानातच राहतो, म्हणून माझा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. धाकटा भाऊ जुळे सोलापुरात राहतो, त्याने अर्ज केला असता तर तो पोलीस आयुक्तांकडे गेला असता. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, डॉक्टरांचा दाखला लागतो, मग पोलीस ठाण्याची चौकशी. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. एका टेबलावर माझी फाईल बरेच दिवस पडून राहिली, त्याचा मला फार मनस्ताप झाला. पण त्याच काळात काडतुसांचा अभ्यास झाला.

सुरुवातीला मी परदेशी याद्या वाचत बसलो. तिथे हलक्या रायफलीसाठी .308 विंचेस्टर, .243, 7 एमएम-08 आणि 2007 मध्ये आलेलं 6.5 क्रीडमूर या काडतुसांची नावं पुन्हा पुन्हा येतात. त्यामागचं कारण चोख आहे. .308 ची पुंगळी, म्हणजे काडतुसाची पितळी नळी, 51 मिलिमीटरची, जुन्या .30-06 काडतुसाची 63 मिलिमीटरची. पुंगळी आखूड म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या बोल्टचा प्रवास आखूड, रायफलही थोडी आखूड आणि हलकी. .243 आणि 7 एमएम-08 ही दोन्ही त्याच .308 च्या पुंगळीचं तोंड बारीक करून बनवलेली. धक्का कमी हवा असेल तर .243.

पण ही यादी आपल्याकडे आणली की पहिलंच नाव गळतं. आपल्या नियमांत .303 आणि 7.62 मिलिमीटरचं लष्करी काडतूस ज्यात बसेल अशी रायफल सामान्य माणसाला मिळत नाही, आणि .308 हे त्या 7.62 चंच नागरी भावंड. बाकीच्या बोअरच्या (नळीच्या मापाच्या) रायफली बाहेरून आणणं 1980 च्या दशकापासून जवळपास बंद. जी जुनी विलायती रायफल हातोहात फिरते तिची किंमत ऐकूनच मी मागे फिरलो. ती घेतली तरी काडतुसं कुठून आणायची?

मग उरलं ते ईशापूरच्या सरकारी कारखान्याचं: .315 किंवा .30-06. कुणी अगदी बारीक गोळीची .22 सुचवली. रानडुकरावर .22 चालवणं म्हणजे जाणूनबुजून जखमी करणं, तो विचार मी तिथेच सोडला.

.315 ची गोष्ट मला आवडली. इंग्रजांनी आपल्या फौजेचं काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून लष्करी बोअर बंद ठेवले, आणि शिकारी रायफलींसाठी ऑस्ट्रियाच्या 8 बाय 50 मॅनलिकर या जुन्या काडतुसावर आधारलेलं .315 इथे रुजलं. जगात इतरत्र ते जवळपास विसरलं गेलं, आपल्याकडे अजून चालू आहे. .30-06 हे 1906 चं अमेरिकन लष्करी काडतूस, आजही जगभर शिकारीला चालतं.

आकड्यांत सांगायचं तर .30-06 ची 150 ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला साधारण 880 मीटरने सुटते. .315 ची गोळी 244 ग्रेनची, म्हणजे जवळजवळ 16 ग्रॅम, वेग सुमारे 620 मीटर. कागदावर .30-06 उजवी: वेग जास्त, मार सरळ, दोनशे मीटरवरही गोळी फारशी खाली येत नाही. दुकानदारही तेच म्हणाला, "मालक, घ्यायचीच तर थर्टी-ऑट-सिक्स घ्या, आयुष्यभराचं काम होतंय."

मी त्याला विचारलं, दोनशे मीटरवर मी कशाला गोळी मारू? मी रानात पट्टी धरून मापलं. मका संपतो तिथून उसाच्या कडेपर्यंत, जिथे डुकरं पहाटे परतताना उघड्यावर येतात, तिथे अंतर पंचवीस ते साठ मीटर. एवढ्या जवळ वेगवान, हलकी गोळी खांद्यावर आदळली की फुटून पसरते. नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते. तिथे जड, संथ, लांबट गोळी आपला आकार राखून आत जाते. टोकाला शिसं उघडं असलेली .315 ची गोळी या कामाला बरोबर बसते. जे काडतूस लांबच्या माऱ्यात मागे पडतं ते इथे पुढे आहे.

धक्क्याबद्दल मात्र माझा अंदाज उलटाच निघाला. .315 जुनं, संथ, म्हणून मऊ असेल असं मी धरून चाललो होतो. एका ओळखीच्या परवानाधारकाने रेंजवर आपल्या देखरेखीखाली मला दोन्ही चालवू दिल्या. दोन्हींचा धक्का जवळपास सारखा. जड गोळी संथ सुटली तरी मागे ढकलणारा जोर तितकाच राहतो. आणि रायफल हलकी घेतली की तो आणखी वाढतो: तेच काडतूस चार किलोऐवजी तीन किलोच्या रायफलीतून उडवलं तर धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने जास्त. म्हणून वजनाचा हट्ट मी थोडा सोडला आणि दस्त्याला रबरी पॅड बसवून घेतला. घोडा ओढताना डोळे मिटत असतील तर हलक्या रायफलीचा काय उपयोग?

खरा निर्णय झाला तो जमिनीवरून. आपला मुलूख सपाट. ऊसतोडीच्या टोळ्या कोपी टाकून असतात, धनगरांचे वाडे उतरतात, वस्त्या विखुरलेल्या. .30-06 ची चुकलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, .315 चीही कमी जात नाही. म्हणजे काडतूस कोणतंही घ्या, गोळी कुठे थांबणार हे आधी ठरलं पाहिजे. मचाण उंच बांधलं की भागलं असं लोक मानतात. मी हिशेब केला. नजर चार मीटर उंचीवर आणि जनावर पन्नास मीटरवर असेल तर गोळी जनावराच्या मागे पाच-सहा मीटरवर मातीत जाते खरी, पण कोन इतका तिरपा की मुरमाड जमिनीवरून ती उसळून पुढे जाऊ शकते. म्हणून मी मचाण अशा जागी बांधलं की समोर नांगरलेली काळी माती आणि तिच्या मागे कॅनॉलचा उंच भराव. तिथून जनावर तीसेक मीटरवर येतं. दुसऱ्या कुठल्याही दिशेला मी गोळी मारत नाही, आणि नीट उजाडून जनावर ओळखू आल्याशिवाय तर नाहीच. एवढ्या अंतराला .315 पुरून उरतं, आणि .30-06 चा जास्तीचा वेग नुसता भरावात जिरतो.

काडतुसांच्या सोयीनेही तोच कौल दिला. .315 ची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. तो कारखाना 1869 पासून चालू आहे. मी विचारलं त्या दुकानांत .315 होती, .30-06 साठी थांबा म्हणाले.

एक बारीक गोष्ट. .315 च्या पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते आणि तिथेच केएफ ही खडकीच्या कारखान्याची अक्षरं उमटवलेली असतात. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आली पाहिजे. मागे राहिली तर बोल्ट ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात, आणि ते नेमकं जनावर समोर असताना. मी दिवाणखान्यात बसून निकामी, डमी काडतुसांवर हे हाताला लावून घेतलं. पितळेवर हिरवट डाग दिसला किंवा गोळी पुंगळीत हलली तर ते काडतूस बाजूला. नव्या पेटीतली थोडी रेंजवर उडवून नेम पाहिल्याशिवाय मी रानात नेत नाही.

आता गावातली माणसं विचारायला येतात. परवा कामतीकडचा एक पाहुणा आला, .30-06 की .315 असं विचारत. मी आधी त्याचं रान बघायला गेलो. मक्याच्या मागे शाळेला जाणारी पाणंद, पलीकडे वस्ती, उंचवटा कुठेच नाही. मी त्याला म्हणालो, दादा, इथे दोन्ही नको, रायफलीचे पैसे सौर कुंपणात घाल. त्याला ते फारसं पटलं नाही, पण अर्जाचे कागद मी त्याच्यासोबत बसून भरून दिले.